करंगळीचा हिशोब

दसऱ्याच्या वीकांताला गावी गेलो होतो. गाव कराडजवळ. घरात पाऊल टाकतोय तोच आबांनी हाक मारली, "आरं, झाला की हात बरा! ह्ये बघ." आणि उजव्या हातात ग्रिपर धरून असा काही दाबला की दोन्ही दांडे एकमेकांना 'टक्' करून टेकले. एकदा नाही, लागोपाठ चार वेळा. आई कौतुकाने बघत होती, मी तर फोटोच काढला.

मंडळी, आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. पावसाळ्यात आबा बांधावरून घसरले आणि उजव्या कोपरावर पडले. हाड मोडलं, प्लॅस्टर झालं, यथावकाश निघालंही. पण अनामिका आणि करंगळी ही दोन बोटं काही केल्या जोर धरेनात. कोपराच्या आतल्या बाजूने अल्नर नावाची नस जाते. कोपर टेबलाच्या कडेला आपटल्यावर आपल्याला ज्या झिणझिण्या येतात ना, त्या तिच्याच. नेमकी ती दुखावली होती. हीच नस या दोन बोटांची टोकं वाकवणाऱ्या स्नायूंना आणि तळहातातल्या बहुतेक बारीक स्नायूंना चालवते. फिजिओथेरपिस्ट बाईंनी बजावून सांगितलं होतं, "एकेक बोट वेगळं चालवा, एकदम जोर लावू नका."

आता पोरगा पुण्यात इंजिनिअर म्हटल्यावर तो गप्प बसतो होय? मी ऑनलाइन ग्रिपर मागवला. तोच तो आपला, इंग्रजी व्ही आकाराचा, वर स्प्रिंगचे वेढे आणि खाली दोन दांडे. आबा दोन महिने इमानेइतबारे तो दाबत राहिले आणि दसऱ्याला तो पूर्ण मिटला. हात बरा झाला म्हणून सगळे खूश! फिजिओकडे तालुक्याला जाणंही बंद झालं. "कशाला उगं हेलपाटं?" हे आबांचं म्हणणं मलाही तेव्हा पटलं होतं.

दिवाळी झाली, ऊसतोड सुरू झाली. आबा जनावरांना वाढं आणायला गेले आणि कोयता हातात फिरला. पोटरीला सहा टाके पडले. नडगीवर बसला असता तर काय झालं असतं, हा विचार मी अजूनही टाळतो.

कोयता असो, हातोडा असो की क्रिकेटची बॅट, हत्याराचा दांडा मुठीत फिरू न देण्याचं मोठं काम खालच्या दोन बोटांचं असतं. म्हणजे ग्रिपर मिटत होता, पण ही दोन बोटं कामावर नव्हतीच. मग ग्रिपर मिटवत कोण होतं? हा प्रश्न डोक्यात बसला आणि पुढचा वीकांत त्यातच गेला.

वाटणी कशी होते

सुरुवात अगदी मुळापासून करू. रॉबर्ट हुकने १६७६ साली आपला स्प्रिंगचा नियम अक्षरांची उलटापालट करून कोड्यात छापला आणि १६७८ मध्ये कोडं उलगडून सांगितलं. (आजकाल लोक पेटंट टाकतात, तेव्हा कोडी टाकत :) ) नियम साधा आहे. जेवढी ओढ, तेवढा जोर. दुप्पट ताणा, दुप्पट जोर लागेल. सांगलीला वालचंद कॉलेजात असताना लॅबमध्ये स्प्रिंगला वजनं टांगून याचा सरळ रेषेचा ग्राफ मीही काढला होता. मार्कही मिळाले होते. समजलं मात्र आत्ता.

कारण एका स्प्रिंगमध्ये काही गंमत नाही. गंमत चार-पाच स्प्रिंगा एकत्र आल्या की सुरू होते. जुन्या घरांत माळ्यावर छातीच्या व्यायामाचा 'चेस्ट एक्स्पांडर' सापडतो बघा. दोन मुठी आणि मध्ये शेजारीशेजारी पाच स्प्रिंगा. समजा पूर्ण ताणल्यावर प्रत्येक स्प्रिंग ४ किलोचा जोर मागते. पाच मिळून २० किलो. एक काढून टाकली तर १६. आता लक्ष द्या : उरलेल्या चौघींवर जास्त भार पडला का? नाही. हात तेवढेच फाकले, म्हणून प्रत्येकीवर अजूनही ४ किलोच. गेलेलीचं काम कुणीच केलं नाही, एकूण बेरीज फक्त घटली.

आता त्याच पाच स्प्रिंगा आढ्याला शेजारीशेजारी बांधा आणि खाली २० किलोचं पोतं टांगा. प्रत्येकीवर ४ किलो. एक काढा. पोतं २० किलोचंच आहे, ते काही हलकं होत नाही. चौघी आणखी ताणल्या जातील आणि प्रत्येकीवर ५ किलो येतील. इथे गेलेलीचं काम बाकीच्यांच्या अंगावर पडलं.

स्प्रिंगा त्याच, मांडणी तीच. फरक एवढाच की पहिल्या वेळी *अंतर* ठरलेलं होतं, दुसऱ्या वेळी *ओझं* ठरलेलं होतं.

आणि स्प्रिंगा सारख्या नसतील तर? एक दुसरीच्या दुप्पट ताठ असेल आणि खालची पट्टी आडवीच राहील अशी सोय केली, तर ३० किलोंपैकी २० ताठ स्प्रिंग घेते आणि १० मऊ. म्हणजे वाटणी समान होत नाही, ताठपणाप्रमाणे होते. जी ताठ, तिच्यावर जास्त. मऊ स्प्रिंग तिथे असते, ताणलेली दिसतेही, पण खरं काम शेजारीण करत असते.

(आमच्या टीमचा बर्नडाउन चार्टही असाच दर स्प्रिंटला छान शून्यावर येतो. कोणाच्या जिवावर येतो ते चार्टवर दिसत नाही. असो.)

औंधचे राजेसाहेब आणि सँडो

या स्प्रिंगांचा आमच्या भागाशी एक जुना संबंध आहे. लहानपणी यमाईच्या दर्शनाला औंधला जायचो, तेव्हा तिथलं भवानी म्युझियम बघणं ठरलेलं असायचं. ते उभारणारे औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी. जन्म १८६८ चा. त्यांनी १८९७ साली, म्हणजे साधारण आपल्याच वयाचे असताना, युजेन सँडोचं व्यायामाचं साहित्य आणि पुस्तकं विकत घेतली आणि पुढे दहा वर्षं नेमाने त्या पद्धतीने व्यायाम केला. सँडो म्हणजे त्या काळचा जगप्रसिद्ध शरीरसौष्ठवपटू, १९०४-०५ मध्ये हिंदुस्थानचा दौराही करून गेला होता. त्याच्या नावाने पुढे खूप खपलेली वस्तू म्हणजे स्प्रिंगचं डंबेल. डंबेलची मूठ उभी चिरून दोन अर्धे केलेले आणि त्यांच्यामध्ये स्प्रिंगा. व्यायाम करताना मूठ आवळून दोन्ही अर्धे जवळ धरायचे. ताकद वाढली की स्प्रिंगा वाढवायच्या. आजच्या ग्रिपरचं हे थेट पूर्वज म्हणायला हरकत नाही.

पण राजेसाहेब सँडोपाशी थांबले नाहीत. मिरजेचे अधिपती बाळासाहेब पटवर्धन यांच्या सांगण्यावरून ते १९०८ च्या सुमारास सूर्यनमस्कारांकडे वळले आणि मग आयुष्यभर त्यांनी सूर्यनमस्कारांचाच प्रचार केला, पुस्तकं लिहिली, संस्थानातल्या शाळांमध्ये नमस्कार सुरू केले. औंध आज सातारा जिल्ह्यात, मिरज सांगली जिल्ह्यात. म्हणजे हा सगळा बदल आपल्या दोन जिल्ह्यांच्या आतच झाला.

राजेसाहेबांनी काही हुकचा नियम मांडून हा निर्णय घेतला नव्हता. पण वरच्या हिशोबात बसवून बघा. स्प्रिंगच्या डंबेलमध्ये अंतर ठरलेलं असतं. मूठ मिटली की झालं, कुठल्या बोटाने किती जोर लावला हे डंबेल विचारत नाही. नमस्कारात ओझं ठरलेलं असतं, तुमचं स्वतःचं वजन. एक हात चुकार झाला तर दुसऱ्या खांद्यावर ते लगेच येतं आणि खांदा बोंब मारतो.

तालमीतला रस्साही तसाच. आमच्या शेजारच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून ऑलिम्पिकचं कांस्यपदक घेऊन आले, त्यामुळे इकडच्या पोरांना तालीम काही नवी नाही. रश्शाला लोंबकळणाऱ्या पोराचं वजन ठरलेलं असतं. करंगळी सैल पडली की बाकीची तीन बोटं भरून येतात आणि पोरगं खाली येतं. चुकारपणा तिथल्या तिथे कळतो.

आबांचा ग्रिपर पहिल्या जातीचा, कोयता दुसऱ्या जातीचा. आणि आम्ही पहिल्यावर पास झालेल्या माणसाला दुसऱ्याच्या परीक्षेला पाठवलं.

ग्रिपर उलटा होता!

तरीही एक कोडं उरलंच. दोन बोटं दुबळी असताना मूठ पूर्ण मिटली कशी? मी आबांना म्हटलं, "परत एकदा दाबून दाखवा बरं." त्यांनी दाबला आणि मी कपाळावर हात मारला. आबा ग्रिपर उलटा धरत होते. स्प्रिंगचे वेढे खाली, करंगळीच्या बाजूला.

"असाच सोप्पा पडतोय की," आबा म्हणाले.

सोपा पडणारच! ग्रिपर ही नुसती स्प्रिंग नाही, ती तरफ आहे. वेढ्यापासून बोट जितकं लांब, तितका त्याच्या जोराचा उपयोग जास्त. दरवाजा कडीजवळ ढकलला तर सहज उघडतो, बिजागरीजवळ ढकलला तर हलत नाही, तसंच.

मग गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलो. ग्रिपरचा एक दांडा वाईसमध्ये पकडला आणि दुसऱ्या दांड्याला, वेढ्यापासून १० सेंटीमीटरवर, बादली टांगून पाणी ओतत गेलो. बादलीसकट ९ किलो झाल्यावर दांडे टेकले. म्हणजे मिटवायला ९ गुणिले १०, ९० किलो-सेंटीमीटर पिळ लागतो. मग सामान तोलायचा डिजिटल काटा घेऊन आबांच्या एकेका बोटाला अडकवला आणि ओढायला लावलं. सोयीसाठी गोल आकडे देतो : तर्जनी ५ किलो, मधलं बोट ५, अनामिका २ आणि करंगळी अर्धा किलो.

चार बोटं वेढ्यापासून साधारण ४, ६, ८ आणि १० सेंटीमीटरवर येतात. सरळ धरला, म्हणजे वेढे वर, तर तर्जनी सर्वांत जवळ आणि करंगळी सर्वांत लांब :

५×४ + ५×६ + २×८ + ०.५×१० = ७१

लागतात ९०. मिटणं शक्य नाही. आता उलटा धरा :

५×१० + ५×८ + २×६ + ०.५×४ = १०४

आरामात मिटतो. आणि खरा धक्का पुढे आहे. उलट्या हिशोबातून अनामिका आणि करंगळी *पूर्ण* काढून टाका. उरले ५० अधिक ४०, बरोबर ९०. म्हणजे दोन धडधाकट बोटांनी ग्रिपर मिटत होता आणि ज्या दोघांसाठी तो आणला होता, ती नुसती दांड्यावर हात ठेवून उभी होती. दोन महिने आबा जी बोटं चांगली होती त्यांनाच आणखी चांगली करत होते.

यात आबांची काय चूक? शरीर सोपी वाट शोधतंच. चूक माझी होती. मी 'मिटला का?' एवढंच विचारलं. 'कुणी मिटवला?' हे विचारलंच नाही.

पाकिटावरचे किलो

याच हिशोबातून आणखी एक गोष्ट कळली. ग्रिपरच्या पाकिटावर ठळक अक्षरांत किलो छापलेले असतात. पण वेढ्यापासून कुठे मोजले ते नसतं. आबांचाच ग्रिपर १० सेंटीमीटरवर मोजला तर ९ किलोचा, ६ वर मोजला तर १५ किलोचा आणि ४ वर मोजला तर साडेबावीस किलोचा! वस्तू एकच. अंतर न सांगता किलो सांगणं म्हणजे चटई क्षेत्र की बिल्टअप ते न सांगता फ्लॅटचे स्क्वेअर फूट सांगण्यासारखं आहे. फिरवायची चकती असलेले ग्रिपर मिळतात, त्यांत चकती फिरवली की स्प्रिंग बदलत नाही, तिची टेकायची जागा सरकते. तेव्हा जिममधल्या मित्राने 'मी साठ किलोचा मारतो' म्हटलं की हसून मान डोलवावी आणि विषय बदलावा.

फोमच्या मुठीचीही तीच गत. 'मऊ मूठ आहे, जोर कमी लागेल' असं वाटतं. पण फोम आणि स्प्रिंग एकामागे एक येतात, शेजारीशेजारी नाही. एकामागे एक असल्या की दोघींवर जोर *तोच* येतो, फक्त दबण्याचं अंतर वाढतं. तळहाताला टोचत नाही एवढाच फायदा.

यावरून आठवलं. फॅब्रिकेशनवाल्याला म्हटलं, अगदी हलकी स्प्रिंग पाहिजे. तो म्हणाला, "त्यात काय, ही हाय ती अर्धी कापू." थांबवला त्याला! आखूड केलेली स्प्रिंग मऊ होत नाही, ताठ होते. पूर्ण स्प्रिंग म्हणजे दोन अर्ध्या स्प्रिंगा एकामागे एक जोडलेल्या. तेवढ्याच जोरात दोघी थोड्या थोड्या दबतात आणि बेरीज मोठी दिसते. एक अर्धी काढली की दबणं निम्मं, म्हणजे ताठपणा दुप्पट. विश्वास नसेल तर बॉलपेनची स्प्रिंग कापून बघा.

मग करायचं काय

माझं मत आता पक्कं झालंय. धडधाकट हाताला मजा म्हणून व्ही आकाराचा ग्रिपर ठीक आहे. पण दुखापतीतून उठणाऱ्या हाताच्या हातात तो आपल्या मनाने देऊ नये, भेट म्हणून तर मुळीच नाही. तो फक्त बेरीज सांगतो, आणि दुबळ्याला लपायला बेरजेसारखी चांगली जागा नाही. अशा हाताला चार बोटांसाठी चार सुट्या बटणांचं साधन बरं. प्रत्येक बटणाखाली स्वतःची स्प्रिंग असते. तळहाताच्या बाजूने बघितलं तर चारही स्प्रिंगा शेजारीशेजारीच आहेत, तळहाताला बेरीजच सोसावी लागते. पण बोटाच्या बाजूने बघितलं तर प्रत्येकाचा हिशोब वेगळा. करंगळीचं बटण तर्जनीने दबत नाही.

तेही पूर्ण सुटं नसतं म्हणा. करंगळी एकटी वाकवून बघा, बहुतेकांची अनामिका न बोलावता सोबत येते. कारण हाताच्या आत मधलं बोट, अनामिका आणि करंगळी वाकवणारे कंडरे बऱ्याच अंशी एकाच स्नायूतून निघतात. म्हणूनच हे काम जाणकाराच्या नजरेखाली झालं पाहिजे. फिजिओथेरपिस्ट बाईंनी पहिल्याच दिवशी 'एकेक बोट वेगळं' म्हटलं होतं, त्यात हे सगळं आलं होतं. मला ते कळायला हुक, तरफ, बादली आणि सहा टाके लागले.

आबांना पुन्हा फिजिओकडे नेलं. मी माझा कागद दाखवला, बाई हसल्या आणि म्हणाल्या, "हे मी रोज बघते, फक्त गणित करत नाही." त्यांच्याच सांगण्यावरून सर्वांत मऊ स्प्रिंगचं चार बटणांचं साधन घेतलं. पहिल्या दिवशी करंगळीचं बटण पावसुद्धा खाली जाईना. आबा वैतागले. "ह्ये पोरांचं खेळणं हाय व्हय?" ग्रिपर मिटवणारा माणूस बटणापुढे हरला, हे त्यांना लागलं होतं. मला मात्र बरं वाटलं, कारण पहिल्यांदाच खरा आकडा समोर आला होता.

नस भरून यायला वेळ लागतो, आणि पूर्ण येईलच असं कुणी लिहून देत नाही. संक्रांतीला काटा लावला तेव्हा करंगळी सव्वा किलोवर होती आणि अनामिका तीनच्या जवळ. कोयता अजून आईने कपाटात कुलूप लावून ठेवलाय. वाढं शेजारचा पोरगा आणून टाकतो.

ग्रिपर मी पुण्याला घेऊन आलोय, टेबलावर पडलेला असतो. दर रविवारी सकाळी घरी फोन होतो. पूर्वी आबा पाऊस-पाणी, कारखान्याचा दर यावर बोलायचे. आता 'हॅलो'च्या आधी सांगतात, "आज करंगळी दीड."